गाडीखालचं हिरवं पाणी

परवा गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो उकळलेला, गोडसर वास आला आणि लातूरजवळच्या मुरुडच्या अलीकडचा रस्ता डोळ्यांपुढे आला. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तो उन्हाळा. चार मालकांच्या हातून माझ्याकडे आलेली जुनी जर्मन गाडी तेव्हाही हेच हिरवं कूलंट गळत होती. आज दाखवू, उद्या दाखवू, असं मी ढकलत होतो. भर दुपारी इंजिनच्या तापाचा काटा लाल रेघेवर गेला, म्हणून एका घरापुढच्या कडुलिंबाखाली थांबलो. तिथल्या म्हातारीला पाणी मागेपर्यंत तिची शेळी गाडीखाली शिरून हिरवं डबकं चाटू लागली होती. "पिऊ द्या की, तहानली हाय," म्हातारी म्हणाली. "आजी, ते विष आहे." तिनं शेळीला कान धरून ओढलं, पदरानं तिचं तोंड पुसलं. "मग असलं इख घिऊन गावोगाव कशाला फिरताय?" शेळीला झाडाला बांधून ती आत गेली आणि अर्धी घागर घेऊन आली. एवढं पाणी नको, असं मी म्हणू लागलो. "वता गुमान. गाडी हितं उभी राह्यली तर अजून गळंल." इंजिन निवल्यावर मी ते पाणी ओतलं, पायानं डबक्यावर माती लोटली आणि निघालो. शेळी तेव्हा उभी होती. पुढे मी रेडिएटर बदलला, पंप बदलला, गिअरबॉक्सही उतरवून दुरुस्त करून घेतला. त्याच गाडीनं, त्याच रस्त्यानं अजून जातो-येतो. शेळी जगली का, हे विचारायला मात्र एकदाही थांबलो नाही.