हार्ड डिस्कची पूजा

“तू बाजूले सरक. पूजेच्या वस्तूले हात नको लावू.”

विभागप्रमुख सर म्हणाले. सगळ्या स्टाफसमोर. खंडेनवमी होती. अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या दिवशी लेथ मशीनपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. पाटावर ठेवली होती ती हार्ड डिस्क. मी भरलेली. आजवर तिला फक्त माझेच हात लागले होते. मग त्याच दिवशी काय झालं माझ्या हातांना? सरांना माझं आडनाव माहीत होतं. तेवढं पुरलं.

मी कंत्राटी. बडनेऱ्याहून यायची. जुने शोधप्रबंध स्कॅन करायचे, प्रत्येकाला शोधायचे शब्द जोडायचे, हे माझं काम. ‘काळी माती, भेगा’ एवढं टाईप केलं की आपल्याकडच्या घरांना भेगा का पडतात, यावरचं सगळं संशोधन समोर. पहिल्यांदा ते आलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. वेडी कुठली! स्कॅन झालेले प्रबंध सरांनी रद्दीत घातले, कपाटं रिकामी हवी होती. नक्कल ठेवायला दुसरी डिस्क मागितली तर म्हणाले, “एक पुरते.”

सरांनी पाटाजवळच नारळ फोडला. पाणी थेट डिस्कवर. मी दारातून ओरडले, “सर, पाणी!” कोणी वळून पाहिलं नाही.

डिस्क पुन्हा सुरू झालीच नाही. बिघडल्यावर मात्र माझे हात चालले. मीच ती अकोल्याला दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं ती उघडून पाहिली आणि यातलं काहीच निघणार नाही म्हणून परत दिली. परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन मी रडत आले.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “‘माह्या हातून बिघडली’ असं तू म्हन. माफी माग. तुही नौकरी राहीन.”

घरी आई. माझ्याच पगारावर. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. निघालं वेगळंच.

“सर, तुमीच मले हात लावू देल्ला नाई. मंग मी कशी बिघडवली?”

दुसऱ्या दिवशी मला गेटवरच अडवलं.

आता सकाळी उठून कुठं जायचं कळत नाही. ज्यांनी ते प्रबंध लिहिले त्यांची मेहनत गेली, माझीही गेली. परत येणार नाही. साक्षीला कोणी उभं राहणार नाही, हेही ठाऊक आहे. तरी मी तक्रार देणार. स्टाफ म्हणेल, सरांनी कुठलाच वाईट शब्द वापरला नाही. खरंच नाही वापरला. विटाळ. तो शब्द मी लिहिणार आहे.