करडईच्या तेलातला लघुग्रह

माकणीला आमच्या रानात आभाळातून दगड पडला, तेव्हा मी पुण्यात पीएचडी करत होते. लघुग्रहांवरची सेंद्रिय संयुगं, हा माझा विषय. सजीव जन्माला येण्याआधीचा कार्बन मी लघुग्रहांपासून तुटून पडलेल्या दगडांत शोधायचे आणि हाती यायची ती कुणाकुणाच्या हाताळणीतून उरलेली चिमूटभर भुकटी. ताजा दगड मिळाला नाही तर विषय बंद, असं माझ्या गाइड सरांनी बजावलं होतं. म्हणून वडिलांचा, अप्पांचा फोन आला तेव्हा मी अक्षरशः नाचले.

"अप्पा, हात लावू नका. चिमट्यानं उचलून कोऱ्या फॉइलमध्ये गुंडाळा."

"व्हय गं, लई जपून ठिवतो," अप्पा म्हणाले.

जपलाच त्यांनी. काळा, गुळगुळीत, लिंबाएवढा दगड म्हणजे आमच्या घरी साक्षात लिंग. त्याला पाण्यानं आणि दुधानं न्हाऊ घातलं, करडईचं तेल चोळलं, विभूतीचे पट्टे ओढले, बेल वाहिला. मी न्यायला येणार त्या दिवशी पुसूनबिसून फॉइलमध्ये ठेवला. देवाला आंघोळ घातली हे काय सांगायचं असतं, म्हणून कुणी बोललं नाही. मला ते यंत्रानं सांगितलं.

निकाल सरांनी साऱ्या लॅबसमोर वाचला. मेदाम्लंच मेदाम्लं. "बाई, तुमच्या लघुग्रहावर तेलाचा घाणा दिसतोय. फोडणी कशाची देतात तिथं?" सगळे पोट धरून हसले. विषय त्याच दिवशी बंद झाला. मला सरांचा राग आला, पण अप्पांचा त्याहून जास्त.

धाराशिवला उतरून एसटीनं घरी गेले. रानात दगड पडला तिथं अप्पांनी सिमेंटचा ओटा बांधून घेतला होता.

"झाली का तपासणी? देवाला कवा आणतीस? सोमवारी गावजेवण सांगितलंय."

"अप्पा, तुमच्या तेलानं माझा प्रबंध बुडाला."

"प्रबंध दुसरा लिव्हशील. देव काय दुसरा पडायचा न्हाय. दे माघारी."

माझी इतकी वर्षं त्यांनी माशीसारखी झटकली. मग मीही हातचं राखलं नाही. उरलेला दगड सरांनी नव्या मुलांना खलात कुटायच्या सरावासाठी दिला, त्याचं पीठ झालं, असं सांगून टाकलं. सांगताना मला बरं वाटलं.

अप्पा ओट्यावर टेकले.

"तू व्हतीस का तिथं?"

"व्हय," मी म्हणाले. "कसं कुटायचं ते मीच दाखवलं."