कचऱ्याच्या डोंगरावरचं गवत आणि आपलं दूध

कॉलनीकरांनो, चहा ठेवण्याआधी हे वाचा.

आपल्या मागच्या कचऱ्याच्या डोंगरावर माती पसरून मी गवत लावलं. कॉलेजात न जाता, स्वतः शिकून, उथळ मुळांचंच निवडलं, म्हणजे मातीचा थर फाटणार नाही. कुंपण मात्र झालंच नाही.

आज सकाळी आपला दूधवाला बाळू तेच गवत कापत होता.

"अरे, याखाली सगळ्या शहराची घाण हाय. म्हशींना घालू नको!"

"काका, तुम्ही लावलेलं हाय म्हणून तर बिनधास्त घालतो. दूध लई वाढलंय!"

आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं कौतुक ऐकून अंगावर काटा आला.

महापालिकेत कुंपण मागायला चला म्हणालो, तेव्हा तुमच्यातला एकही आला नव्हता. आता दूध बंद करून बाळूच्याच पोटावर पाय द्यायचा का?