सुकेळ्यांची बीअर

माझा धाकटा भाऊ बीअर बनवायचा. तीच त्याची नोकरी होती. मुंबईतल्या एका हॉटेलात काचेच्या भिंतीपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या होत्या, तिथे गहू आणि जव भिजवण्यापासून पेल्यात ओतेपर्यंतचं सगळं त्याच्याकडे. आई नातेवाइकांना सांगायची, "हॉटेल लाइनमध्ये आहे." शेवटपर्यंत तिने याहून जास्त कुणाला सांगितलं नाही. ती गेल्यावर वसईच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही. त्याचं ठरून मोडलं, तेव्हापासून तोही तो विषय काढू देत नसे.

रविवारी तो स्कूटर काढायचा आणि खालूनच हाक मारायचा, "ताई, चल, खायला." आम्ही कुठेही जायचो. वसई गावातल्या होळी नाक्याच्या बाजारात कोवळी भाजी घ्यायची, आगाशीला जाऊन भुजिंग खायचं. कोंबडी कोळशावर भाजून पोह्यांत घोळवतात ते भुजिंग समोर आलं की मी हात धुऊन सुरुवात करायची आणि हा ताटलीवर वाकून वास घेत बसलेला. "आज कोळसा दमट होता," म्हणायचा. मला कोंबडी लागायची, मसाला लागायचा. कोळसा दमट होता हे मला कधी कळलं नाही.

भुईगावच्या मावशी आम्हाला अशाच एका रविवारी भेटल्या. ख्रिस्ती घर, मागे केळीची बाग. अंगणात चटईवर सोललेली राजेळी केळी उन्हात वाळत घातली होती. आम्ही वाट विचारायला थांबलो होतो. मावशींनी वाट सांगितली आणि वाळलेली सुकेळी हातावर ठेवली. घरात सुनेशी त्या त्यांच्या बोलीत बोलत, आमच्याशी शाळेतल्या मराठीत. भावाने सुकेळं नाकाशी धरलं आणि बराच वेळ ते खाल्लंच नाही.

"गव्हाच्या बीअरला मुळात केळ्याचा वास असतो, ताई," तो म्हणाला. "यीस्टच तो सोडतं. त्यात हे पडलं ना, तर ती आपल्या वसईची बीअर होईल."

मावशी हसायला लागल्या. "आमच्या लग्नात लोक काय काय पितात, पण केळ्याची बीअर नाही ऐकली रे बाबा! थंडी सरली की ये. तेव्हाच्या उन्हातली सुकेळी चांगली."

थंडी सरायच्या आत त्याला अपघात झाला. नालासोपाऱ्यात एका वळणावर सांडलेल्या खडीवर स्कूटर घसरली आणि डोकं मागून दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं, म्हणून वाचला. कोपर खरचटलं होतं, एवढंच. एक रात्र दवाखान्यात ठेवून त्यांनी त्याला घरी सोडलं. मी देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी शाळेतून आले, तर जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास. शेजाऱ्यांकडचा असेल असं वाटलं. दार उघडलं तर आमचंच घर धुराने भरलेलं. गॅसवर पातेलं काळं पडलं होतं आणि भाऊ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, तिकडे पाठ करून, मोबाइलमध्ये बघत बसला होता.

"अरे, दूध!" मी ओरडले.

तो दचकून वळला. पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पातेल्यापर्यंत गेला आणि वाकून जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"मला वाटलं सर्दी झाली असेल," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वासाच्या नसा धाग्यापेक्षा बारीक. डोक्याला हिसका बसला की तुटतात. काहींच्या परत जुळतात, काहींच्या नाही. रोज लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल हुंगायला सांगितलं. मी सकाळी वाट्या मांडून द्यायची. तो डोळे मिटून एकेक वाटी नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, "नाही." निलगिरी नाकात झोंबायची, डोळ्यांत पाणी यायचं, तेवढ्यावर मला आशा वाटायची. "ते झोंबणं वेगळं," तो म्हणाला. "त्याला वास नाही म्हणत."

हॉटेलात त्याने कुणाला सांगितलं नाही. मापं पाठ होती, तापमान काट्यावर दिसत होतं. जुन्या बीअर तो तशाच काढत राहिला. फक्त घरी जेवताना गप्प झाला. माशाची आमटी त्याला नुसती खारट-आंबट लागायची. एकदा म्हणाला, "कागद भिजवून दिलास तरी चालेल."

मग एका रविवारी त्यानेच स्कूटर काढली. आगाशीला नेलं. भुजिंग आलं आणि त्याने ताटली माझ्याकडे सरकवली.

"सांग."

"छान आहे. थोडं तिखट, थोडं..."

"तिखट मला कळतं. गोड, खारट, कडू, सगळं कळतं. तू वास सांग."

मला शब्दच सापडेनात. वर्गात मुलांना विशेषणं शिकवणारी बाई मी, आणि ताटलीपुढे माझ्याकडे 'छान' सोडून काही नाही. डोळे मिटून पुन्हा वास घेतला. "धूर आहे, पण लाकडाचा नाही. इस्त्रीवाल्याच्या गाडीजवळून गेल्यावर येतो तसा. आणि त्याच्याखाली लसूण, थोडी जास्त जळलेली."

तो खाता खाता थांबला. "हां," म्हणाला. "हे दिसलं मला."

त्यानंतर प्रत्येक रविवारी मी त्याचं नाक झाले. होळीच्या बाजारात मुळ्याची पानं चुरून सांगायची, मावशींकडचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, गरम असतानाच फोडून आतली वाफ सांगायची, रस्त्याकडेची ताडी सकाळची आणि दुपारची वेगळी कशी ते सांगायचं. तो प्रश्न विचारायचा, मी अडखळत उत्तरं द्यायची. मावशींना आम्ही खरं सांगितलं होतं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि क्रुसाची खूण केली.

थंडी सरल्यावर त्याच उन्हातली सुकेळी त्यांनी केळीच्या वाळक्या पानांत बांधून दिली. भावाने हॉटेलातल्या छोट्या टाकीत ती बीअर घातली. कितीतरी दिवस तो तिच्याबद्दलच बोलत होता. मला वाटलं, नाक गेलं तरी डोकं शाबूत आहे, जमेल त्याला.

तयार झाली तेव्हा त्याने मला दुपारी, हॉटेल उघडायच्या आधी बोलावलं. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. त्याने पेल्यात थोडी ओतली. रंग सुंदर होता, उसाच्या काकवीत पाणी घातल्यासारखा. आधी तो स्वतः प्यायला.

"गोडी बेताची आहे. कडवटपणा मागून येतोय. आंबट अजिबात नाही," तो म्हणाला आणि पेला माझ्या हातात दिला. "आता सांग."

मी नाकाशी धरला. दवाखान्यातली चिकटपट्टी सोलून काढल्यावर येतो, तो वास आला. पेला फिरवला, पुन्हा हुंगला. केळं कुठेतरी खोल होतं, पण त्याच्यावर ती चिकटपट्टी बसलेली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. चार महिने मी त्याला खरं तेच सांगत आले होते. माझ्या तोंडून खोटं निघालं असतं तर तीच बीअर संध्याकाळी लोकांसमोर गेली असती, आणि त्याला ते परक्या माणसाकडून कळलं असतं.

"दवाखान्याचा वास येतोय रे," मी म्हणाले. "चिकटपट्टीचा."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मान हलवली. "हवेतलं जंगली यीस्ट शिरलंय, सगळी बिघडली. हे तर मला पहिल्याच दिवशी दारातून कळलं असतं." त्याने टाकीचा नळ उघडला. बीअर जमिनीवरच्या मोरीच्या जाळीतून खाली जाऊ लागली आणि तो टाकीला टेकून उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडला नाही. मी रडले.

त्याच संध्याकाळी त्याने मालकाला सगळं सांगितलं. मालक भला माणूस. "दुसरा कुणी वास घेईल, तू काम बघ," म्हणाला. भावाने काही महिने तसं करून बघितलं. पण हाताखालचा मुलगा नाक खुपसून "ओके आहे सर" म्हणायचा आणि याला ते 'ओके' सोसेना. त्याने नोकरी सोडली. आता तो वसई पूर्वेला, स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे. काम चोख करतो. वर्ष उलटलं, नसा जुळल्या नाहीत. वाट्या मांडणं कधी थांबलं ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.

गेल्या महिन्यात भुईगावला गेलो होतो. मावशींनी नव्या मोसमाची सुकेळी पुढे केली. मी सवयीने एक नाकाशी धरलं आणि सुरुवात केली, "यंदा जरा गुळासारखा, आणि मागून वाळलेल्या गवताचा..."

"ताई," तो हळूच म्हणाला, "आता नको सांगू. तू खा नुसती."

मी हातातलं सुकेळं खाल्लं. तो सुकेळं चावत बागेकडे बघत राहिला. मावशींनी त्याच्या हातावर आणखी एक ठेवलं, तेही त्याने खाल्लं.

मला मात्र आता नुसतं खाता येत नाही. बाजारात, शाळेच्या डब्यात, शेजारच्या फोडणीत वास एकेक करून सुटे होतात आणि त्यांचे शब्द आपोआप जिभेवर येतात. घरी तो समोर बसून जेवत असतो. मी भात कालवते, आणि तोंडाशी आलेले शब्द घासाबरोबर गिळते.