ससाण्याला दहीभात

बहिरी ससाणा देखणा म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्याच्या शेजारी राहून बघावं. तंजावूरला आमच्या घरामागे पाण्याची एक बंद पडलेली टाकी आहे. तिच्या कठड्याखाली एका जोडप्याने घरटं केलं आणि दोन महिने आमच्या गच्चीचा खाटीकखाना झाला. रोज सकाळी कबुतराचं मुंडकं, पाय, फरशीला चिकटलेली आतडी. मी नाकाला पदर लावून झाडायची आणि खाली येऊन कॉफी तशीच ओतून द्यायची. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही.

आई मात्र खूश. ऐंशी वर्षांची, कडक सोवळ्याची, कांद्याच्या वासानेही नाक मुरडणारी. तिने गच्चीत वाळत घातलेलं वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, दर वर्षी कावळे पळवायचे. यंदा एक कावळा फिरकला नाही. जिन्याच्या सावलीत बसून ती तासन्‌तास घरट्याकडे बघायची.

"राखणदार आहेत गे आपले," म्हणायची.

"राखणदार कसले, कसाई आहेत," मी झाडू आपटत म्हणायची.

एप्रिलमध्ये त्यांचं एक पिलू उडायला गेलं आणि आमच्या गच्चीत पडलं. डोक्यावर अजून पांढरा कापूस. आईबाप वर घिरट्या घालत ओरडत होते, पण खाली उतरेनात. दुपारी त्याची मान कलली, तशी आई वाटीभर मऊ दहीभात कालवून घेऊन आली.

"पावम, बिचारं उपाशी आहे कीं," म्हणत तिने चोचीला घास लावला. पिलाने मान झटकली. सगळा भात आईच्या लुगड्यावर.

मी वनखात्याला फोन लावला. पलीकडचा गृहस्थ आधी हसला. सकाळी माणूस पाठवतो, म्हणाला, तोवर कच्चं मांस द्या, नाहीतर वाचणार नाही.

मांस होतं. सकाळीच मी ते कचऱ्याच्या बादलीत टाकलं होतं. बादली उपडी करून अर्धं कबूतर काढलं, त्याला मुंग्या लागल्या होत्या. हातांनी तुकडे केले. इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही. आईने पापड भाजायचा चिमटा आणून दिला आणि दोन हात लांब उभी राहिली. पिलू गटागट गिळत होतं, मी पुढचा तुकडा चिमट्यात धरत होते.

"अजून दे गे. पोट भरलं नाही त्याचं," आई म्हणाली. मला वाढताना म्हणते तसंच.

थोडं उरलं. ते मी पुन्हा बादलीत टाकणार, तोच ती म्हणाली, "सकाळी काय देशील? डब्यात घालून फ्रिजात ठेव."

मी एक जुना डबा शोधून काढला. मग ठेवलं, दह्याच्या शेजारी.

सकाळी पिलाने तेही संपवलं आणि वनखात्याच्या माणसाने त्याला टाकीवर नेऊन सोडलं. त्या फ्रिजमधलं दही मी महिनाभर तोंडात घातलं नाही. आईने त्याच दुपारी खाल्लं.