पांढऱ्या रुमालासाठी धुतलेला फिल्टर

आमचं युनिट तेव्हा पश्चिम सीमेवर, वाळवंटात होतं. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. जीपा, ट्रक आणि वाळूत पळणाऱ्या सहा मोटरसायकली माझ्याकडे होत्या. जीप रुतायची तिथे मोटरसायकल जायची. डाक, औषधं, रेडिओच्या बॅटऱ्या, सगळा भार तिच्यावर.

लान्स नायक सुधाकर आमचा डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटरसायकलवरून हे सगळं पोचवणारा. तो भिवापूरचा, मी नागपूरचा, म्हणजे गाववालाच. सुट्टीवरून येताना तो आईने कुटलेलं तिखट आणायचा आणि लंगरच्या फिक्या डाळीत मोकळ्या हाताने टाकायचा. कुक शिव्या द्यायचा, जवान दोन रोट्या जास्त खायचे. गाडीच्या बाबतीत मात्र सुधाकर कोणावर भरवसा ठेवत नसे, माझ्यावरसुद्धा. एअर फिल्टर रोज स्वतः काढून बघायचा.

या गाड्यांचा फिल्टर स्पंजाचा असतो. साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवायचा. पिळायचा नाही, पिळला की फाटतो. सावलीत वाळवायचा, मग त्यात चिकट तेल मुरवायचं, कडेला ग्रीस लावून बसवायचा. धूळ त्या तेलाला चिकटते, म्हणून इंजिनात जात नाही. तेल नसेल तर बारीक वाळू आरपार जाते आणि पिस्टन खाते. पण तेल लावलेला फिल्टर दिसतो मळका, बोट लावलं की बोट काळं. पुढचं सगळं रामायण त्यापायी झालं.

मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. साहेबांच्या आधी त्यांची कीर्ती पोहोचली: हे साहेब खिशातून पांढरा रुमाल काढतात आणि कुठेही फिरवतात. मग काय विचारता! दगडांना चुना लागला, टायरांना बुटांचं पॉलिश लागलं. आमच्या सुभेदार साहेबांनी फिल्टरचे डबे उघडून पाहिले, नाक मुरडलं आणि हुकूम सोडला. सगळे फिल्टर धुऊन कोरडे बसवा.

मी म्हणालो, "साब, बिना तेल का फिल्टर किसी काम का नहीं."

"रुमाल काला नहीं होना चाहिए. बस."

"साब, इंजन खराब होगा."

"हवालदार, हुकूम समझ में आया?"

"जी साब."

स्टोअरमधले नवे फिल्टर एका टेबलावर पांढऱ्या चादरीवर मांडले गेले, शोसाठी. त्यांना हात लावायची बंदी. तेलाचे डबे कुलपात गेले. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, दुसरं काय!

इन्स्पेक्शन पुढे ढकललं गेलं. वाळूने मात्र आपलं काम पुढे ढकललं नाही. गाड्या कोरड्या फिल्टरवर रोज पळत होत्या आणि सुधाकर रोज माझ्याकडे येत होता.

"भाऊ, गाडी खरखर करून राहिली. थोडंसं तेल द्या ना."

मी पुन्हा सुभेदार साहेबांकडे गेलो. त्यांनी तेलाच्या कुलपाची किल्ली खिशात टाकली आणि निघून गेले.

मे महिना होता. सकाळी नऊच्या सुमारास पुढच्या पोस्टवरून रेडिओ आला.

"एक जवान को साँप ने काटा है. दवाई भेजो. ओव्हर."

फुरसं चावलं होतं. आदल्या वादळात जीपचा रस्ता वाळूखाली गेला होता. सुधाकरला बोलावलं. डॉक्टर साहेबांनी औषधाचा डबा त्याच्या हातात ठेवला.

"इसे गरम मत होने देना."

"जी साब."

त्याने हेल्मेट चढवलं. "भाऊ, आल्यावर मी सोता भांडतो सुभेदाराशी," असं म्हणून किक मारली. मी हसलो. ते आमचं शेवटचं बोलणं.

"रायडर पहुँचा क्या? ओव्हर."

"नेगेटिव्ह. ओव्हर."

रेडिओवर पोस्टशी हेच पुन्हा पुन्हा. दुपार झाली. पोस्टवरून जवान शोधायला पायी निघाले, तर सुधाकर जवळच सापडला, पोस्टचा झेंडा दिसतो एवढ्या अंतरावर. गाडी कित्येक मैल मागे बंद पडली होती. त्या उन्हात तो चालत आला होता. औषधाचा डबा त्याच्या पोटाशी, अंगाच्या सावलीत होता. वर त्याचा गळ्यातला पटका ओला करून गुंडाळलेला. पाण्याची बाटली रिकामी होती आणि ओठ फुटलेले. पाणी तो प्यायलाच नव्हता. सगळं पटक्यावर ओतलं होतं.

तो जवान वाचला. सुधाकर गेला.

हुकूम आम्हा दोघांनाही मिळाला होता. डॉक्टर साहेबांच्या हुकमात एका माणसाचा जीव होता, म्हणून सुधाकरने तो मरेपर्यंत पाळला. मला मिळालेल्या हुकमात रुमालाशिवाय काही नव्हतं. या गोष्टीचा राग मला अजून झोपू देत नाही.

इंजिन मीच उघडलं. सिलेंडरला वाळूचे ओरखडे, पिस्टन जाम. चौकशीत मी तेच सांगितलं. उत्तर मिळालं, "रेगिस्तान में रेत तो होगी ही." कारण लिहिलं गेलं उष्माघात.

आणि मग मोठे साहेब आले. सुधाकरची गाडी शेडमागे ताडपत्रीखाली लपवली होती. उरलेल्या पाच गाड्यांवर रुमाल फिरला. पांढराच राहिला.

"शाबाश. व्हेरी गुड."

मी सावधानमध्ये उभा होतो. दात इतके आवळले होते की पुढे दोन दिवस दाढ ठणकत होती.

आता मी नागपुरात, बेसाला राहतो. सुधाकरची मुलगी प्रणाली मनीषनगरात असते. आठवडाभर बँकेत बसते आणि रविवारी डर्ट बाइक घेऊन रानवाटा तुडवते. बापावर गेली आहे. परवा ती गाडी घेऊन माझ्या दारात आली.

"जय भीम, काका. सर्व्हिसिंग करून आणली, नवा फिल्टर टाकला त्याइनं. तरी गाडी खरखर करून राहिली."

तेच शब्द. मी लगेच फिल्टरचा डबा उघडला, तर आत नवाकोरा फिल्टर, कोरडा ठणठणीत. मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

"काका, तेल लावलं की घाण दिसते. कस्टमर नाराज होते," तो म्हणाला.

त्याला मी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"एवढे काहून भडकले, काका?" प्रणालीने विचारलं.

तिच्या आईला मी सगळं तेव्हाच सांगितलं होतं. पोरीला मात्र घरी फक्त ऊन लागल्याचं सांगितलं गेलं होतं. मी ओट्यावर बसलो आणि तिला पहिल्यापासून सांगितलं. रुमालाचं, चादरीवरच्या नव्या फिल्टरांचं, ओल्या पटक्याचं.  मग तिने फिल्टर हातात घेतला. मी तेल ओतत गेलो, ती दाबून दाबून मुरवत गेली. डब्यातली जुनी धूळ तिनेच पुसली होती, त्यात हे तेल, तिचे हात मनगटापर्यंत काळे झाले.

"बाबाच्या गाडीले एवढंच पाह्यजे होतं?"

"एवढंच वं, पोरी."

मी खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला. पांढराच होता. तिने दोन्ही हात त्याला पुसले. तो रुमाल मी धुतलेला नाही. घडी करून सुधाकरच्या फोटोपुढे ठेवला आहे.