लिमये बाईंचा गुडघा

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू असतात, हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी चौदा वर्षं मी रत्नागिरीत लोकांच्या मांड्या तयार करत होतो.

ही २००५च्या आसपासची गोष्ट. मारुती मंदिरच्या बाजूला एका जिममध्ये मी ट्रेनर होतो. शिक्षण बारावी, तेही देवरूखला, मराठीतून. काम शिकलो ते दुसऱ्यांचं बघून. जिमच्या मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. एका सकाळी त्यांनी जाडजूड इंग्रजी पुस्तक काउंटरवर आपटलं.

"सावंत, हे वाचायचं. तीन महिन्यांनी मुंबईत परीक्षा आहे."

"कसली?"

"पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेट. डॉक्टर लोक पेशंट पाठवायला तयार आहेत. पण विचारतात, तुमचा माणूस शिकलेला आहे का. काय सांगू?"

"चौदा वर्षं करतोय म्हणून सांगा."

"सांगितलं. म्हणाले, चौदा वर्षं चुकीचंही करता येतं."

पहिली बॅच साडेपाचला, शेवटची सुटेपर्यंत नऊ वाजायचे. दुपारी बारा ते चार जिम बंद. त्या वेळात बेंच प्रेसच्या बाकावर पडून वाचायचो. दोन पानांत पुस्तक छातीवर यायचं आणि डोळा लागायचा. स्नायू हाडावर जिथून निघतो ते ओरिजिन, जिथे जाऊन चिकटतो ते इन्सर्शन. एवढं समजायला एक आठवडा गेला. असे शेकडो स्नायू, सगळ्यांची नावं लॅटिन. उठताना अंग दुखायचं ते व्यायामाने नव्हे, वाचून.

अकराच्या लेडीज बॅचला लिमये बाई यायच्या. जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, वय बासष्ट. गुडघा दुखतो म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी जिम लावली होती. एकदा निघताना त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक बघितलं.

"अहो सावंत, हे पाठ करताय की काय?"

"दुसरं काय करणार बाई?"

"पाठ करून काही होत नाही. द्या इकडे."

दुसऱ्या दिवसापासून बॅच संपली की बाई तासभर थांबायला लागल्या. चौथ्या दिवशी 'अहो'चं 'अरे' झालं. "अरे, पुस्तकात काय शोधतोस? स्वतःच्या पायाला हात लावून बघ!" मी पाय ताठ करायचो, बाई बोट ठेवून नाव विचारायच्या. चुकलं की पुन्हा. शाळेत मला असं कोणी शिकवलं असतं, तर कदाचित मी बारावीवर थांबलो नसतो.

दोन महिन्यांनी गुडघ्याचा धडा आला. बाईंनी डाएट चार्टच्या पाठकोऱ्या बाजूला चित्र काढलं. "ही गुडघ्याची वाटी. गुडघा जितका वाकेल, तितकी ही मागच्या हाडावर दाबली जाते. वर वजन असेल तर आणखी." मग त्या बाण काढत बसल्या. मी पुस्तकातला तक्ता वाचत होतो. त्यावर शब्द होता कॉन्ट्राइंडिकेशन. म्हणजे अमुक व्यायाम अमुक माणसाला देऊ नये. वाटीपाशी दुखत असेल, तर वजन घेऊन पूर्ण खाली बसायला लावू नये.

बाईंच्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, डंबेल्स घेऊन फुल स्क्वॉट, तीन सेट. चार महिने.

दुसऱ्या दिवशी कार्डावरून स्क्वॉट खोडला.

"आज बैठका नाहीत?" बाईंनी विचारलं.

"नाहीत. दुसरं देतो."

"का रे?"

खोटं बोलायचं तर तेही सुचायला हवं. मी तक्ता उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला.

"म्हणजे हल्ली जिना चढताना जास्त दुखतं, ते..."

"त्यामुळेच असणार."

"मला वाटलं, वय झालं." मग म्हणाल्या, "मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं सावंत, की दुखतंय."

"हो. मी म्हटलं होतं, सुरुवातीला दुखतंच."

त्यांनी पिशवी उचलली आणि निघून गेल्या. त्या मला पुन्हा 'तुम्ही' म्हणाल्या, हे त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आठ दिवस बाई आल्या नाहीत. शेठ वैतागले. "सांगायचं कशाला? कार्ड बदलायचं नि गप्प बसायचं!"

त्या दुपारी पुस्तक बाजूला ठेवलं आणि सगळ्या मेंबर्सची कार्डं काढून बसलो. कंबर, खांदा, ब्लड प्रेशर. तक्त्याशी ताडून बघितलं, तर आणखी अकरा जणांची कार्डं बदलावी लागणार होती. पुढचे दिवस त्यातच गेले. एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, की हे मी चुकीचं दिलं होतं. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. एक जण जिम सोडून गेला.

नवव्या दिवशी बाई आल्या, हातात हाडांच्या डॉक्टरांचा कागद.

"हाड शाबूत आहे. मांडीचे स्नायू मजबूत करायला सांगितलेत. आता पुस्तकात बघून दे."

"पुन्हा माझ्याकडे?"

"मग काय आता नवा माणूस शिकवत बसू?"

मी लेखी परीक्षेत नापास झालो. सहा महिन्यांनी पुन्हा बसलो आणि जेमतेम पास झालो. बाईंचं दुखणं बरंच उतरलं, तरी जिना त्या अजून कठडा धरूनच उतरतात. सर्टिफिकेटला शेठनी फ्रेम केली. पहिल्या वर्षात डॉक्टरांनी तीन पेशंट पाठवले.

आता नवीन मेंबर आला, की पहिला अर्धा तास मी त्याला वजनाला हात लावू देत नाही. कुठे दुखतं, कधीपासून, चढताना की उतरताना, सगळं लिहून घेतो. लोक कंटाळतात. मीही कंटाळतो.

माणूस दुखतंय म्हणाला, तर त्याला दुखत असतं. हे समजायला इंग्रजी पुस्तक लागत नाही. मला लागलं.